बगॅसची राख आणि फाउंड्रीची वाळू वापरून पेव्हर ब्लॉक : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यात फिरलात तर दोन प्रकारचे ढीग हमखास दिसतात. एक, साखर कारखान्याच्या मागच्या बाजूला पडलेली, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जाळून उरलेली बॉयलरची काळपट राख. दुसरा, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीतून ओतकामानंतर बाहेर आलेली करपलेली वाळू. दोन्ही टाकायला जागा लागते आणि पैसेही लागतात. दुसरीकडे मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, शाळेचं पटांगण, गावातली गल्ली, जिथे तिथे पेव्हर ब्लॉक बसतायत. या दोन गोष्टींची सांगड घालून छोटा कारखाना काढावा असं अनेकांच्या मनात येतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण कोल्हापूरचं घेतलंय, कारण शेतीचा आणि उद्योगाचा कचरा इथे एकाच जिल्ह्यात मिळतो. तुम्ही चंद्रपूरला किंवा गोंदियाला असाल तर माल बदलेल, पद्धत तीच राहील.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. कचरा फुकट मिळतोय म्हणून जास्तीत जास्त घालायचा, या विचाराने सुरुवात केली की धंदा पहिल्या पावसाळ्यात बसतो. आपण विकणार आहोत तो ब्लॉक. त्यावरून माणसं चालणार, गाड्या जाणार, वर्षानुवर्षं पाणी पडणार. राख त्यात सोसवेल तेवढीच.

किती कचरा जातो, याचा खरा हिशेब

फ्लाय ॲशच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातल्या बारीक राखेच्या, विटेत निम्म्याच्या आसपास राख असते, मग ब्लॉकमध्ये का नाही, असं नवखे लोक विचारतात. कारण साधं आहे. भिंतीच्या विटेला प्रति चौरस मिलिमीटर ७ ते १० न्यूटनची ताकद पुरते. पेव्हर ब्लॉकच्या मानकात, म्हणजे आयएस १५६५८ मध्ये, सुरुवातच एम-३० पासून, म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर ३० न्यूटनपासून होते. पायी चालण्याच्या जागेला एम-३०, हलक्या वाहनांना एम-३५, त्याहून जास्त रहदारीला एम-४० आणि पुढे. विटेच्या तिप्पट-चौपट ताकदीचा माल करायचाय, हे विसरून चालत नाही.

त्यामुळे बगॅसची राख सिमेंटच्या १० टक्क्यांपर्यंत आणि फाउंड्रीची वाळू बारीक मालाच्या, म्हणजे कचीच्या, १५ टक्क्यांपर्यंत, इथेच सुरुवातीला थांबा. एकूण वजनात हा कचरा साधारण ८ टक्के भरतो. 'ऐंशी टक्के टाकाऊ मालाचा ब्लॉक' अशी जाहिरात दिसली तर आधी चाचणीचा अहवाल मागा.

पर्यावरणाचा फायदा नेमका कुठे होतो तेही बघा. एक टन सिमेंट तयार होताना चुनखडी भाजताना आणि इंधन जळताना मिळून साधारण ६०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून राख जेव्हा सिमेंटची जागा घेते तेव्हाच कार्बन वाचतो. राख नुसती वाळूच्या जागी भरली तर खाणीतला दगड वाचतो, ढीग कमी होतो, पण सिमेंट तेवढंच लागतं. कित्येकदा जास्तच लागतं, कारण बारीक राख पाणी पिते. 'पर्यावरणपूरक' हा शब्द फलकावर रंगवण्यापूर्वी आपण यातलं काय करतोय ते स्वतःला ठाऊक असावं.

राख ओळखायला शिका

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिक्सर, मोल्ड, टेबल पैसे टाकले की येतात. राखेची पारख हाताला यावी लागते.

बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते. ही सिलिका काचेसारखी, म्हणजे स्फटिक न झालेली असेल तर ती सिमेंटमधून मोकळ्या होणाऱ्या चुन्याशी पाण्यात हळूहळू संयोग पावते आणि ब्लॉकला ताकद देते. पण बॉयलरमध्ये सगळा बगॅस सारखा जळत नाही. अर्धवट जळलेले काळे तंतू राखेत राहतात. ते पाणी पितात, ॲडमिक्श्चर म्हणजे पाणी कमी लागावं म्हणून मिश्रणात घालायचं रसायन शोषतात आणि ताकद खातात. म्हणून राख कारखान्यात कुठून उचलली हे महत्त्वाचं. बॉयलरच्या तळाशी जमणारी राख जाड असते, तिच्यात ढेकळं आणि मातीही असते. धुराड्याकडे जाताना अडवली जाणारी राख बारीक असते, पण काही कारखान्यांत ती पाण्याने अडवतात, म्हणून ओली चिखलासारखी मिळते. आपल्याला बारीक हवी, आणि ओली असेल तर पसरून पूर्ण वाळवून घ्यायची.

कंपोस्टच्या खड्ड्याजवळची राख मात्र कधीही उचलू नका. तिथे राखेत प्रेसमड म्हणजे उसाच्या रसातला गाळ, मळी, डिस्टिलरीचं सांडपाणी मिसळलेलं असतं. साखर हा सिमेंटचा शत्रू आहे. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखर गेली तरी ते वेळेवर सेट होत नाही. दुसऱ्या दिवशी मोल्ड उघडला की ब्लॉक हातात मऊ लागतो, आणि कारण शोधताना माणूस सिमेंटवाल्याशी भांडत बसतो.

गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख वापरावी का? हौसेने करून बघायला हरकत नाही. धंद्याला नको. प्रत्येक गुऱ्हाळाची आच वेगळी, चिपाडाबरोबर आणखी काय काय जळतं तेही वेगळं, आणि आजची राख उद्याच्या राखेसारखी निघत नाही.

राखेची पहिली चाचणी काचेच्या उंच ग्लासात करता येते. ग्लासभर पाण्यात दोन चमचे राख टाका, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. काळे तंतू वर तरंगतात, माती आणि रेती लगेच तळाला बसते, आणि कामाची राख मध्ये गढूळ लोंबकळत हळूहळू खाली येते. वर काळ्या तंतूंची जाड साय धरली तर ती राख चाळल्याशिवाय उपयोगाची नाही. चाळणी ३०० मायक्रॉनची घ्या. आयआयटी मद्रासमधल्या संशोधकांनी बगॅसच्या राखेवर काम केलं, त्यांनाही हेच दिसलं की जळके तंतू बहुतांशी या चाळणीवर अडकतात. चाळलेली राख नंतर सिमेंटइतकी बारीक दळली तर तिचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं. छोटी बॉल मिल परवडत नसेल तर जवळपास खनिज दळून देणारा कुणी आहे का ते विचारा. दळलेली नसेल तर १० टक्क्यांचा नाद सोडा, ५ टक्क्यांवर राहा.

दुसरी चाचणी वडीची. ९० ग्रॅम सिमेंट आणि १० ग्रॅम राख घट्ट कालवून काचेवर पोळीच्या गोळीएवढी वडी थापा. शेजारी नुसत्या सिमेंटची तशीच एक वडी. दोन्ही ओल्या गोणपाटाखाली झाका. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर नख आणि खिळा ओढून बघा. राखेची वडी थोडी मऊ असणार, ते चालतं. नखाने भुगा निघत असेल तर त्या खेपेत साखर किंवा दुसरं काही गेलंय, खेप परत पाठवा. ही वडी प्रत्येक ट्रॉलीला करायची, महिन्यातून एकदा नव्हे.

प्रयोगशाळेत करायची एकच चाचणी सुरुवातीला पुरे, ती म्हणजे राख पुन्हा भट्टीत तापवून वजन किती घटतं ते पाहणं. फ्लाय ॲशच्या मानकात ही घट जास्तीत जास्त ५ टक्के मान्य आहे. बगॅसच्या राखेलाही तोच आकडा डोळ्यापुढे ठेवा.

आणखी एक व्यवहाराची बाब. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. नंतरची राख म्हणजे पावसात भिजलेला ढीग. वर्षभराचा साठा हंगामातच छपराखाली, कोरड्या पोत्यांत करून ठेवावा लागतो. शेडचा आराखडा काढतानाच त्याची जागा धरा.

फाउंड्रीची वाळू

सगळी फाउंड्रीची वाळू सारखी नसते. बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड घातलेली 'ग्रीन सँड' आपल्या कामाची. रेझिनने बांधलेली कोअरची वाळू, शेल सँड, सीओटू पद्धतीची म्हणजे कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेली वाळू या तीन गोष्टी सुरुवातीला वगळा. रेझिनमध्ये फिनॉल असू शकतं, काही प्रकारांत आम्ल असतं जे सिमेंटला चालत नाही, आणि सीओटूच्या वाळूत सोडियम सिलिकेट. फाउंड्रीच्या अंगणात या सगळ्या एकाच ढिगात ओतलेल्या असतात. म्हणून मालकाशी नव्हे, शेकआउटवर, म्हणजे साचा फोडून ओतलेली वस्तू बाहेर काढतात तिथे, काम करणाऱ्या माणसाशी बोला. कुठली वाळू कुठे पडते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वेगळी काढून देण्याची सोय झाली तरच घ्या. शिवाय वाळूतून पाण्यात काय उतरतं याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल फाउंड्रीकडून लेखी घ्या.

वाळू आली की आधी ढेकळं फोडून चाळा, मग लोहचुंबक फिरवा. हे दुसरं काम लोक टाळतात. बिडाचे बारीक कण वाळूत राहिले तर ब्लॉक बसवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यावर तपकिरी ठिपके उमटतात, मधोमध काळा दाणा आणि भोवती गंजाचं वर्तुळ. ताकदीला त्याने काही होत नाही, पण गिऱ्हाईक पैसे अडवून धरतं. बेंटोनाइट पाणी शोषून फुगतं, त्यामुळे ही वाळू घातल्यावर मिश्रण घट्ट वाटतं आणि कामगार पाण्याचा पाइप सोडतो. तिथेच ताकद जाते.

तुमच्या भागात दुसरं काही मिळत असेल तर

भुसावळजवळचं दीपनगर, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, पारस, एकलहरे, सोलापूरचं एनटीपीसी, यांपैकी काही जवळ असेल तर बगॅसच्या मागे लागू नका. औष्णिक केंद्राची सुकी फ्लाय ॲश जास्त बारीक, जास्त एकसारखी असते आणि सिमेंटच्या २० ते २५ टक्क्यांपर्यंत आरामात जाते. तलावातली भिजलेली राख मात्र वेगळी चीज आहे, तिला फ्लाय ॲश समजू नका. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार सगळी राख वापरात आणण्याची जबाबदारी वीज केंद्रांवर आहे, त्यामुळे उचलणाऱ्याला तिथे दार उघडं असतं.

भंडारा-गोंदियात भाताच्या तुसाची राख मिळते. भाताच्या वजनाच्या पाचवा हिस्सा तूस, आणि तुसाच्या पाचवा हिस्सा राख, असं साधारण गणित. सिलिका तिच्यात प्रचंड, पण ७०० अंशांच्या वर जळाली तर ती स्फटिक होते आणि सिमेंटशी संयोग पावण्याचा गुण घटतो. वर ती फुप्फुसाला घातक. पांढरीशुभ्र किंवा गुलाबी झाक असलेली राख बहुधा जास्त तापलेली असते. करडी बरी.

पोलाद कारखान्याच्या भट्टीतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवल्यावर उरणारा दगडासारखा कचरा, खडीच्या जागी फुकट देतो असं कुणी म्हटलं तर सावध राहा. ताज्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो, तो पुढे ओल धरून फुगतो आणि ब्लॉक आतून फोडतो. महिनोन्महिने उघड्यावर भिजवून मुरवलेला आणि तपासलेलाच चालतो. आणि प्लॅस्टिक वितळवून ब्लॉक करण्याच्या वाटेला घरगुती पातळीवर जाऊच नका. तो धूर तुमच्या कामगाराच्या छातीत जातो.

मिश्रण

सिमेंट ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, ५३ ग्रेडचं घ्या. पीपीसीच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश कंपनीने आधीच घातलेली असते. त्यात पुन्हा राख मिसळली तर ब्लॉक पंधरा दिवसांनीही कच्चा राहतो. पोत्यावरचं छापील वाचायची सवय लावा.

पहिली घाणी, म्हणजे मिक्सरमधली एक खेप, अशी, टाकाऊ राख-वाळू काही न घालता : सिमेंट एक पोतं म्हणजे ५० किलो, क्रशरची धुतलेली कच १२० किलो, ६ ते १० मिलिमीटरची खडी १२० किलो, पाणी १९ ते २० लिटर, आणि पाणी कमी लागावं म्हणून ॲडमिक्श्चर, त्याच्या डब्यावर लिहिलेल्या मापाने. यातून २०० बाय १०० मिलिमीटरचे, ६० मिलिमीटर जाडीचे साधारण १०० ब्लॉक निघतात. एक ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास. १०० चौरस फुटांच्या एका ब्रासला असे ४६५ ब्लॉक लागतात, म्हणजे तुटफूट धरून पाच पोती.

दुसरी घाणी : सिमेंट ४५ किलो, राख ५ किलो, बाकी तेच. तिसरी : दुसरीच, पण १२० किलो कचीपैकी १८ किलोच्या जागी फाउंड्रीची वाळू. तिन्ही घाण्यांच्या ब्लॉकवर रंगाने वेगवेगळी खूण करा. एकदम राख आणि वाळू दोन्ही घालून सुरुवात केली की बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

सगळं वजनावर, घमेल्यावर नाही. बगॅसची राख इतकी हलकी आणि फुसफुशीत असते की हलकं भरलेलं घमेलं आणि दाबून भरलेलं घमेलं यांत मोठा फरक पडतो. तराजू हे या शेडमधलं पहिलं यंत्र समजा. कच पावसाने ओली असेल तर तिच्यातलं पाणी एकूण पाण्यातून वजा करायचं. मूठभर कच तव्यावर भाजून आधीचं-नंतरचं वजन घेतलं की अंदाज येतो.

राख नेहमी सिमेंटबरोबर कोरडीच फिरवा, रंग एकसारखा दिसेपर्यंत. मग कच, खडी, शेवटी पाणी. पॅन मिक्सर असेल तर उत्तम, ड्रमच्या मिक्सरला घट्ट माल नीट फिरत नाही. या टप्प्यावर मास्क हवाच, रुमाल पुरत नाही. सिलिकाची धूळ दिसत नाही, खोकलाही लगेच येत नाही.

ओतणं आणि पाणी मारणं

कमी भांडवलात सुरुवात रबर किंवा पीव्हीसी मोल्ड आणि व्हायब्रेटर टेबलवर होते. हायड्रॉलिक प्रेसमध्ये माल जवळजवळ कोरडा लागतो आणि उत्पादन भराभर निघतं, पण ती गुंतवणूक गिऱ्हाईक बांधल्यावर.

मोल्डला तेलाचा पातळ हात फिरवा. रंगीत ब्लॉक हवा असेल तर तळाला सिमेंट, बारीक कच आणि आयर्न ऑक्साइडच्या रंगाचा ८-१० मिलिमीटरचा थर, त्यात राख घालायची नाही, कारण राखेने पिवळा आणि लाल दोन्ही मळकट दिसतात. त्या थराला थोडी थरथर दिली की लगेच, तो सुकण्याआधी, वर राखेचा माल. उशीर केला तर दोन थर पुढे एकमेकांपासून सुटतात. टेबल चालू ठेवून वर येणारे बुडबुडे थांबले की बंद करा. या पद्धतीत ब्लॉक उलटा ओतला जातो, म्हणजे मोल्डचा तळ ही त्याची दर्शनी बाजू. त्यामुळे राखेत राहिलेले हलके काळे तंतू थरथरीने वर येऊन मागच्या बाजूला जमतात. मागची बाजू बघत जा. ती काळी ठिपकेदार होऊ लागली की चाळणी फाटलीय असं खुशाल समजा.

चोवीस तासांनी मोल्ड काढा, थंडीत आणखी अर्धा दिवस द्या. राखेच्या ब्लॉकचे कोपरे सुरुवातीला हळवे असतात.

पाणी मारण्याचे दिवस इथे वाढतात. नुसत्या सिमेंटच्या ब्लॉकला लोक सात दिवसांत उरकतात. राखेचं काम सिमेंटने चुना सोडल्यावर सुरू होतं, आणि पाणी संपलं की तिथेच थांबतं. म्हणून चौदा दिवस टाकीत बुडवून किंवा ओल्या गोणपाटाखाली, वर प्लॅस्टिक. सकाळ-संध्याकाळ पाइप मारून मधल्या वेळात उन्हात तापू देणं याला क्युअरिंग म्हणत नाहीत. इथे केलेली कंजुषी पुढे कशानेही भरून निघत नाही. याचं फळही मिळतं : मोकळा चुना राखेने खाल्ल्यामुळे ब्लॉकवर पांढरा लोणा फुटण्याचं प्रमाण कमी होतं.

तपासणी आणि कागद

दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजले तर आत पोकळी नाही. बद्द आवाज आला तर बाजूला. पाणी शोषण्याची चाचणी शेडमध्येच होते : ब्लॉक चोवीस तास बुडवून, पुसून वजन घ्या, मग ओव्हनमध्ये १०५ अंशांच्या आसपास वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवून पुन्हा घ्या. ओला २.८५ किलो, सुका २.७० किलो, म्हणजे ०.१५ भागिले २.७०, साडेपाच टक्क्यांच्या वर. मानकात सरासरी ६ टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा हा काठावर पास.

दाबाची चाचणी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा शासकीय तंत्रनिकेतनात फी भरून करून मिळते. एम-३५ चा आपला ब्लॉक फुटायला ७०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७१ टनांचा दाब लागायला हवा. तिन्ही घाण्यांचे ब्लॉक सातव्या, अठ्ठाविसाव्या आणि जमल्यास छप्पन्नाव्या दिवशी तपासा. सातव्या दिवशी राखेचा ब्लॉक मागे असेल, त्याने घाबरू नका. अठ्ठाविसाव्या दिवशीही साध्या ब्लॉकच्या बरोबरीला येत नसेल तर राखेचं प्रमाण निम्म्यावर आणा. आणि अठ्ठावीस दिवस पूर्ण होण्याआधी माल उचलू देऊ नका, कंत्राटदाराला कितीही घाई असो.

कागदांत ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, उद्यम नोंदणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात चौकशी करून लागेल ती संमती. टाकाऊ माल वापरणार असल्याचं तिथे स्पष्ट लिहून द्या, लपवून नंतर त्रास होतो. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या योजनेत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, जिल्हा उद्योग केंद्रात त्याची माहिती मिळते. सरकारी कामाला माल द्यायचा असेल तर चाचणीचे अहवाल तारखेनुसार फाइलला लावून ठेवा.

बसवताना

चांगला ब्लॉक वाईट बसवला तर दोष ब्लॉकलाच येतो, म्हणून निदान पहिली काही कामं स्वतः उभं राहून करून घ्या. खाली मुरूम-खडीचा थर रोलरने दाबलेला, त्यावर जाड वाळूची २० ते ४० मिलिमीटरची गादी, पाणी जायला दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार. बहुतेक ठिकाणी खाली काँक्रीट ओतून त्यावर ब्लॉक मांडतात आणि सांधे सिमेंटने भरतात. मग जमिनीत पाणी मुरणार कुठून? सांधे २ ते ४ मिलिमीटरचे ठेवा आणि त्यांत बारीक कोरडी वाळू भरा. इथे बगॅसची राख भरायचा मोह आवरा, पहिल्या पावसात ती वाहून अंगणभर काळं पाणी होतं. कडेला कर्ब म्हणजे कडेचे दगड आधी बसवा, ब्लॉक नंतर. प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरून दाब देणारं सपाट यंत्र, एकदा फिरवून सांध्यांत वाळू झाडा, मग दुसऱ्यांदा फिरवा. दोन-तीन आठवड्यांनी वाळू खाली बसते, तेव्हा एक पोतं घेऊन परत जा आणि सांधे पुन्हा भरून द्या.